जेवढं निघालं तेवढंच

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास सुनीतीबाईंची गाडी अंगणात चार ठोकळ्यांवर चढवलेली होती, तिच्या पोटाखाली विश्वंभरराव उताणे पडले होते आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसलेल्या सुनीतीबाईंचा जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्यांना पुसेगावच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू व्हायचं होतं. सव्वीस वर्षं हिंगोलीत फळ्यासमोर उभं राहिल्यावर मिळालेली बढती होती ती. या गाडीनं जायचं आणि एकटीनं जायचं, हे त्यांनी बढतीचा कागद हातात पडायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

सुनीतीबाईंचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं अधू झालेला. पायाला कॅलिपरचा लोखंडी आधार, हातात काठी. लग्न झाल्यापासून त्यांचं जाणं-येणं विश्वंभररावांच्या स्कूटरवर, मागच्या सीटवर एका बाजूला बसून. माणसानं कधी कंटाळा केला नाही, हे कबूल करावंच लागेल. पण माणूस ट्रॅक्टरचा मेस्त्री. कुणाचं इंजिन शेतात बंद पडलं की बायको शाळेच्या फाटकाशी उभी आहे हे त्यांच्या डोक्यातून साफ निघून जाई. शिपाई कुलूप लावून घरी गेला तरी बाई आपल्या फाटकाला टेकून उभ्याच. एवढ्या वर्षांत त्यांनी किती तास अशी वाट बघितली असेल, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. त्यांच्या मनानं मात्र ठेवला होता.

मग पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीनं, संपदानं, ही जुनी ऑटोमॅटिक गाडी शोधून दिली. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. बाईंनी रामलीला मैदानावर दोन महिने गोल गोल फिरून गाडी शिकून घेतली. गल्लीतल्या लोकांनी आधी हसून घेतलं, मग सवय करून घेतली.

डिसेंबरात गाडी बिनसली. गिअर बदलताना झटका देऊ लागली, चढावर नुसतीच गुरगुरू लागली. हिंगोलीतल्या मेस्त्र्यांनी बॉनेट उघडून आत बघितलं आणि देवघराचं दार लावावं तसं हळूच बंद केलं. "मॅडम, ऑटोमॅटिकला आमी हात लावत न्हाई," एवढंच एकेकानं सांगितलं. नांदेडला विचारलं तर वीस दिवसांनंतरची तारीख. तेव्हा विश्वंभरराव छाती काढून म्हणाले, "मी हाय की! तीस वर्षं गिअरबॉक्स खोलले म्या. तेल आन् फिल्टर तर बदलायचं, त्याला नांदेड कशाला?"

विश्वंभररावांचं गॅरेज गेल्या वर्षी रस्ता रुंदीकरणात गेलं होतं. तेव्हापासून ते घरात होते आणि घर त्यांच्या तावडीत होतं. गळत नसलेले नळ दुरुस्त करून त्यांनी गळते केले होते. पण दुसरा इलाज नव्हता. संपदानं पुण्याहून फिल्टर, गिअरबॉक्सच्या तळाला असतं त्या चेंबरचं पॅकिंग, चार लिटर तेलाचा कॅन आणि तिथल्या एका जाणत्या मेस्त्र्याकडून लिहून घेतलेला कागद, असं सगळं पाठवून दिलं.

तो कागद बाईंना आता तोंडपाठ होता. त्यातल्या एका वाक्याखाली त्यांनी लाल पेनानं दोनदा रेघ मारली होती. गिअरबॉक्समधलं जुनं तेल सगळं निघत नाही, निम्म्याहून जास्त आतच अडकून राहतं. या गाडीला तेल बघायची पट्टीही नाही. म्हणून जेवढं निघालं तेवढंच, मोजून, नवीन भरायचं. कमी पडलं तर गिअर घसरतात, जास्त झालं तर आत फेस होऊन गिअरबॉक्स कामातून जातो.

"अहो, सांडू देऊ नका. मोजायचंय ते," बाई ओट्यावरून म्हणाल्या.

"मोजू गं," गाडीखालून उत्तर आलं. पाठोपाठ बूच निघालं, तेलाची धार विश्वंभररावांच्या मनगटावरून बाहीत शिरली आणि मेस्त्री लोकांच्या खास शब्दांत त्यांनी गाडी बनवणाऱ्याचा उद्धार केला. टबात गडद तांबूस तेल जमत गेलं. मग चेंबर उतरलं, जुना फिल्टर निघाला आणि विश्वंभरराव नवा फिल्टर चढवायला निघाले.

"जुन्याची रबरी रिंग निघाली का? कागदावर लिहिलंय, ती वरच चिकटून राहते म्हणून."

"निघाली असंल."

"असंल न्हाई. बघा."

बघितलं. रिंग वरच चिकटलेली होती. ती काढून त्यांनी अंगणात भिरकावली. बायकोनं चूक दाखवली यापेक्षा कागदानं दाखवली, हे त्यांना जास्त झोंबलं होतं. नवा फिल्टर बसला, चेंबर पुसून नव्या पॅकिंगसह चढलं, एकेक नट आवळला गेला. आता फक्त टबातलं तेल मोजायचं आणि तेवढं नवीन भरायचं. बाईंना जरा हुश्श वाटलं आणि त्या भाजी टाकायला आत गेल्या.

तिथंच चुकलं. अर्ध्या तासानं पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या तर टब भिंतीला उलटा टेकवलेला. रिकामा. वर चिंधीनं लख्ख पुसलेला.

"तेल कुठंय?"

"दिऊन टाकलं," विश्वंभरराव म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा प्रसन्न दिसत होता. "हैदर आलता बाटली घेऊन, चौकटीला वाळवी लागली म्हनला. मंग लक्ष्मीबाई आली, म्हशीच्या खुराला पाह्यजे म्हनून. उरलं ते गोपीचंद घेऊन गेला, स्लॅबच्या सेंट्रिंगच्या पाट्यांना लावायला."

"आन् मोजलं?"

"त्यात मोजायचं काय? साडेतीन-चार असंल."

सुनीतीबाईंनी कपाळाला हात लावला. इकडची रीतच तशी. गाडीचं जळकं तेल कुणी फेकत नाही आणि कुणी विकतही नाही. चौकटीला, खुराला, बिजागरीला, लोखंडी पाट्यांना ते लागतंच, आणि मागायला आलेल्याला द्यायचं असतं. विश्वंभररावांच्या गॅरेजवर रिकामी बाटली घेऊन आलेला माणूस रिकामा गेला नव्हता. गॅरेज गेल्यापासून मात्र बाटली घेऊन त्यांच्याकडे कुणीच आलं नव्हतं. आज एकदम तिघं आले. माणूस हुरळून गेला, हे बाईंना कळत होतं. पण कळून करायचं काय? तेल बाईंच्या गाडीचं, उद्याचा दिवस बाईंचा, आणि उदारपणा यांचा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला यांचं काय जातं!

"मी सकाळपासून काय सांगून राहिले? जेवढं निघालं तेवढंच भरायचं. आता किती निघालं, हे कुणाला विचारू?"

"काहून एवढी चिडून राहिली? सगळा कॅन ओतू. थोडं जास्त गेलं तर काय बिघडतं? ट्रॅक्टरला म्या कवाच मोजून टाकलं न्हाई."

"हा ट्रॅक्टर न्हाई!"

"बरं बाबा, न्हाई. आन् बिघडलीच तर मी हाय की. उद्या स्कूटरवर सोडतो तुला पुसेगावला. जमलंच की आजवर."

हे ऐकलं आणि बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. इतका वेळ त्या नुसत्या चिडल्या होत्या, आता खऱ्या संतापल्या. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी नवऱ्याच्या स्कूटरवरून, त्याचा खांदा धरून, काठी सावरत उतरायचं आणि त्यानं न्यायला यायचं लक्षात ठेवलं तरच घरी परतायचं. जमलंच की आजवर!

"जा आन् मागून आणा तेल," त्या म्हणाल्या.

"दिलेलं परत मागू?" विश्वंभररावांचा आवाज चढला. "लोक काय म्हनतील? विश्वंभर मेस्त्री जळकं तेल देतो आन् मागून घेतो? आपल्याच्यानं व्हायचं न्हाई ते."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाईंनी आतून मोजायचं माप आणि एक पेन पिशवीत टाकलं, काठी घेतली आणि त्या फाटकाबाहेर पडल्या.

गल्लीतून पायी जाणं त्यांना मनापासून आवडत नसे. कॅलिपरची खटखट ऐकली की घराघरांतून माणसं डोकावतात, "काय झालं? कुठं निघाल्या? एखाद्या लेकराला पाठवायचं न्हाई का?" असं विचारतात. चांगल्या मनानं विचारतात, म्हणून तर उलट बोलताही येत नाही. हैदरभाईंचं घर चौथं. तिथं पोचेपर्यंत बाईंनी तिघांना "सहज" असं उत्तर दिलं होतं.

हैदरभाई सुतार. दाराची चौकट ब्रशनं रंगवून ते लांब उभं राहून बघत होते. चौकट तेलानं चमकत होती.

"हैदरभाई, आमच्याकडून आणलेलं तेल?"

"लगा दिया ना मॅडम, पूरा. बघा, बराबर बसलं. आता वाळवीचा बाप येणार न्हाई."

त्यांची आई रहमतबी खुर्ची घेऊन बाहेर आली. "आधी बस गं पोरी. पायाला तकलीफ हुईन."

"बसत न्हाई चाची, घाईत हाय. हैदरभाई, बाटली कुठंय? कुठपर्यंत भरली होती?"

हैदरभाईंना प्रश्नाचा अर्थ लागेना, पण त्यांनी बाटली आणून दिली. आतून तेलकट, वर गळ्याखाली एक पुसट रेघ. "इथवर होतं," ते म्हणाले. सुतार माणूस, मापाला पक्का. बाईंनी त्या रेघेवर पेनाची खूण केली आणि बाटली पिशवीत टाकली. चहाला मात्र त्यांना नाही म्हणता आलं नाही. रहमतबीनं आधीच आधण ठेवलं होतं, आणि तो चहा पिताना उद्याचा दिवस थेंबाथेंबानं हातातून निसटत असल्यासारखं त्यांना वाटत होतं.

लक्ष्मीबाईंनी तेल जुन्या डब्यात नेलं होतं आणि त्यातलं निम्मं म्हशीच्या खुरांवर गेलं होतं. मागायला आलेल्या बाईंना बघून त्यांचा चेहराच उतरला.

"काहून वो मॅडम? इखारी हाय का ते? माझ्या म्हशीला काई हुईन का?"

"काही होत न्हाई. मला फक्त किती होतं ते बघायचंय."

"मंग परत काहून मागून राहिल्या? खरं सांगा. गाभण हाय वो ती."

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. आता म्हशीची समजूत काढायची तेवढी बाकी होती. दहा मिनिटं बाईंनी गिअरबॉक्स म्हणजे काय हे लक्ष्मीबाईंना समजावून सांगितलं. सातवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवताना लागला नसता एवढा दम त्यांना तिथं लागला. शेवटी डब्याच्या आतली रेघ दिसली, खूण झाली, उरलेलं तेल लक्ष्मीबाईंनी वाटीत काढून घेतलं आणि डबा पिशवीत गेला. पिशवीही तेलकट झाली, साडीही.

गोपीचंद गल्लीच्या टोकाला, मोकळ्या प्लॉटवर होता. सेंट्रिंगच्या पाट्या ओळीनं मांडलेल्या आणि मध्ये दोनशे लिटरचा पिंप.

"गोपीचंद, तेल पिंपात टाकलं का रे?"

"व्हय मॅडम. पयलंच जरा व्हतं, त्यातच वतलं."

बाई पाट्यांच्या चवडीवर मटकन बसल्या. सगळ्यांत जास्त तेल यानंच आणलेलं. बाटली आणि डबा मोजून काय उपयोग? डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं की थकव्याचं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आता घरी जायचं, कॅन अंदाजानं ओतायचा, उद्या पुसेगावच्या वाटेवर नरसीच्या पुढं कुठंतरी गाडी बंद पडणार, आणि मग फोन करायचा. तिकडून "आलो" असा आवाज येणार, आणि त्या आवाजात थोडासा आनंद असणार. हा विचार त्यांना आता पहिल्यांदाच आला. आला तो जाईना.

"मॅडम, पानी देऊ का?" गोपीचंद घाबरून म्हणाला.

"न्हाई. तेल कशात आणलं होतंस?"

त्यानं पांढुरका प्लास्टिकचा कॅन उचलून दिला. बाईंनी तो उजेडात धरला. ओतताना एक बाजू वरपर्यंत माखली होती, पण बाकीच्या तीन बाजूंना आतून तांबूस रंग एका उंचीपर्यंत आणि त्याच्यावर कोरं. पावसाळ्यात विहिरीच्या आत पाण्याची खूण राहते, अगदी तशी. बाईंनी डोळे पुसले आणि रेघ मारली.

दुपारी तीन वाजता त्या घरी आल्या. गोपीचंद मागून कॅन घेऊन आला आणि मेस्त्र्यांचा चेहरा बघून फाटकातूनच परत गेला. बाईंनी ओट्यावर तिन्ही भांडी मांडली, प्रत्येकात खुणेपर्यंत पाणी भरलं आणि ते मापानं मोजून मोजून बाहेर ओतलं. विश्वंभरराव उंबऱ्यावर बसून बघत होते. मदत करावी की करू नये, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी कॅनचा तळ धरला.

टबाला आणि चिंधीला लागलेलं धरून बेरीज आली तीन लिटर सातशे.

"म्या म्हनलो नव्हतो? साडेतीन-चार," विश्वंभरराव म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "साडेतीन आन् चारच्या मधी अर्धा लिटर असतं. माझी उद्याची नोकरी त्या अर्ध्या लिटरमधी होती."

विश्वंभररावांनी बॉनेट उघडून तेल भरायच्या नळीला नरसाळं लावलं. बाई मापात तेल घेत गेल्या, ते ओतत गेले. नव्या तेलाचा रंग डाळिंबाच्या रसासारखा लाल होता. तीन लिटर सातशे झाल्यावर बाईंनी नव्या तेलाच्या कॅनला झाकण लावून तो आत नेऊन ठेवला. गाडी ठोकळ्यांवरून उतरली, खाली बघितलं तर एक थेंब गळत नव्हता. याचं श्रेय विश्वंभररावांचं, आणि ते बाईंनी मनातल्या मनात दिलंही. तोंडानं देण्याइतका राग अजून उतरला नव्हता.

"मी एक चक्कर मारून बघतो," ते चालकाच्या दाराकडे निघाले.

"तुमी बसा बाजूला," बाई म्हणाल्या.

गाडी नरसीच्या रस्त्याला लागली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. कधी बदलला ते कळलंही नाही. झटका नाही, गुरगुर नाही. चढावरही गाडी सरळ गेली. दोन्ही बाजूंना हळदीची पानं पिवळी पडायला लागली होती. दिवसभराचा शीण बाईंच्या खांद्यांतून उतरायला लागला आणि त्या जागी असा आनंद आला की त्यांना मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. पण शेजारी विश्वंभरराव होते, आणि ते एखाद्या पाहुण्यासारखे हात मांडीवर ठेवून बसले होते.

"उद्या मी येऊ का संगं?" ते समोर बघत म्हणाले. "शाळेत येत न्हाई. बाहीर थांबतो. रस्त्यात काई झालंच तर..."

"काही होत न्हाई."

"व्हय. ते बी खरं."

दुपारपासून मनात अडकलेलं बाईंनी विचारूनच टाकलं. "खरं सांगा. गाडी बंद पडली असती तर तुमाला बरं वाटलं असतं ना?"

तेलाचे डाग पडलेले आपलेच हात विश्वंभररावांनी उलटेपालटे करून बघितले.

"सकाळी वाटलं होतं थोडं," ते म्हणाले. "तेल मुद्दाम न्हाई दिलं, देवाशपथ. पन तू मोजायला बाहीर गेलीस ना, तवा वाटलं, मापात न्हाई आलं तर बरं हुईन."

सुनीतीबाईंना संताप यायला हवा होता. तो आला, पण सकाळइतका नाही. बाजूला बसलेल्या माणसाचं वय त्यांना आज एकदम दिसलं, आणि ते दिसलेलं त्यांना नको होतं.

"उद्या येऊ नका," त्या म्हणाल्या. "उद्या मला एकटीला उतरायचंय. शाळेच्या लेकरांनी मला तसंच बघावं, असं वाटतं मला."

"बरं."

हात पुन्हा मांडीवर ठेवत ते म्हणाले, "मंग मी दिवसभर काय करू?"

बाईंची एवढी वर्षं वाट बघण्यात गेली होती. वाट बघायला लागलेल्या माणसाला काय सांगायचं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"मला न्हाई माहीत हो," तरी त्या एवढंच म्हणाल्या आणि गाडी घराकडे वळवली.